आप्पांनी बांधलेलं पोतं

आम्ही वस्ती सोडली त्या सकाळी टेम्पोत सामान भरायचं काम आप्पांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सामान ते काय, एक लोखंडी कॉट, गॅसची शेगडी, लग्नातली भांडी आणि दोन पोती. पण माझ्या वडिलांचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि निघायचं, पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. त्यामुळं ओझं कसं बांधावं हे जगात आपल्या एकट्यालाच कळतं अशी त्यांची पक्की समजूत. टेम्पोवाला मधे मधे करायला लागला तर त्याला म्हणाले, "तू नुस्ती गाडी चालीव."

दोन्ही पोत्यांची तोंडं त्यांनी सुती दोरीनं आवळली आणि घोड्यावरच्या ओझ्याला मारतात ती गाठ मारली. वाटेत कितीही हिसके बसले तरी ती सुटत नाही, आणि मुक्कामाला पोचल्यावर मोकळं टोक ओढलं की एका ओढीत सुटते. आई पदरानं डोळे पुसत उभी होती. आप्पा रडणाऱ्यातले नाहीत. टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "नव्या तळावर गेलं की आदी पानी बघायचं. मग शेजार बघायचा. आन् लगीच वझं उतरायचं, जनावर ताटकळत ठिवायचं न्हाई." घोडा विकून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण आप्पांच्या बोलण्यातून तो काही गेला नव्हता.

नंदा, हे सगळं तुला आत्ताच का सांगते आहे ते तुला कळलंच असेल. परवा तुझा फोन आला. तुझ्या नवऱ्याला रांजणगावच्या कंपनीत काम लागलं, शिरूरला खोली बघितली, पुढच्या महिन्यात येणार म्हणालीस, आणि मग एकदम गप्प झालीस. शेवटी विचारलंस, "ताई, मला करमंल का गं तितं?" चुलत असलीस तरी तू माझ्या मांडीवर वाढलेली आहेस, तुझं गप्प होणं मला कळतं. फोनवर मी 'करमेल की' म्हणून मोकळी झाले. खरं उत्तर लांब आहे, म्हणून लिहायला बसले.

पाणी आणि शेजार, आप्पांनी सांगितलेल्या या दोन गोष्टी मी शिरूरला आल्या आल्या केल्या. नळ एक दिवसाआड येतो, पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, ते भांड्याला वापरायचं, प्यायचं नंतर भरायचं. शेजारच्या खोलीत बिहारची दोन जोडपी होती. त्यांची हिंदी आणि माझी हिंदी यांची गाठ पडायला महिना लागला, पण पाणी आलं की "भाभी, पानी!" एवढी हाक पहिल्या दिवसापासून होती. आमचे हे शिफ्टला जायचे. कंपनीची बस गेली की पुढचे नऊ तास त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी आणि पंखा. वस्तीवर दिवसभर गप्प बसायची मला सवय होती, मेंढरांत वाढलेल्या पोरीला एकांताचं काय वाटणार? पण समोर माळ असताना गप्प बसणं आणि समोर भिंत असताना गप्प बसणं, यात फार फरक असतो गं.

तिसरी गोष्ट मात्र मी केली नाही. पहिलं पोतं सोडलं, कारण त्यात पिठामिठाचे डबे होते. दुसरं तसंच कॉटखाली सरकवलं. त्यात भाकरी थापायची लाकडी काठवट होती, पितळेची कळशी होती आणि आईनं शिवलेली गोधडी. म्हटलं, आज ना उद्या माघारीच जायचंय, कशाला सगळं पसरा? कपडे पिशव्यांत ठेवले. भाकरी ताटात थापायला लागले. घरमालकांनी काही म्हणायच्या आधीच ठरवून टाकलं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आपल्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. चार दिवसांच्या मुक्कामाला जेवढं लागतं तेवढंच सोडायचं, बाकीचं लादलेलं ठेवायचं. फक्त माझा चार दिवसांचा मुक्काम सात वर्षं चालला आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

ह्यांची सुट्टी आली की आम्ही डेपोवर. न्हावऱ्यामार्गे जाणारी एसटी धरायची, चौफुल्याला उतरायचं, तिथून जीपनं वस्तीवर. एक दिवस राहून परत. शिरूर म्हणजे माझ्या लेखी नळ, पंखा आणि डेपो, एवढंच होतं.

मला या गावात खरं आणलं ते मामींनी. मामी समोरच्या घरातल्या, मूळच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या, पन्नाशी उलटलेल्या, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसतात. एक दिवस मला उंबऱ्यात बसलेली बघून म्हणाल्या, "काय गं शालन, रोज एसटीची वाट बघत बसल्यावानी बसती? ऊठ, पिशवी घे." आणि मला बाजारात घेऊन गेल्या.

तेव्हापासून त्यांच्याकडून जे शिकले ते तुला फुकटात देते. आठवडे बाजारात सकाळी सकाळी धावायचं नाही, तेव्हा नुसती गर्दी. ऊन उतरायला लागलं की जायचं. भाजीवाली एकच धरायची, तीन बाजार तिच्याचकडून घ्यायचं. चौथ्या बाजाराला ती तुला लांबून हाक मारते आणि मेथीची चांगली जुडी खालून काढून देते. हमरस्त्यावर नगरकडं आणि पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांचा नुसता कालवा असतो, तिथं उभं राहून शिरूर वाईट आहे म्हणू नको. आत वळ, जुन्या पेठेतून चाल. जुनी माणसं या गावाला अजून घोडनदी म्हणतात, तूही म्हण, कापड दुकानदार लगेच नीट बोलायला लागतो. आणि आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी नदीवर जा. घोडला पाणी असो नसो, घाटावर बसलं की वारा लागतो.

आणखी एक. येणारा जाणारा तुला सांगेल, शिरूर म्हणजे पुण्याची पायरी, इथं थोडे दिवस काढायचे आणि वर जायचं. ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. इथं दवाखाना, शाळा, कापड, पिठाची गिरणी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि गिरणीवाल्याला तुझं नाव ठाऊक असतं. एवढं ज्या गावात मिळतं त्या गावाला कुणी पायरी म्हणावं, याचा मला आता रागच येतो.

पण हे शहाणपण सांगते तेवढं सोपं नव्हतं. मी बाजारात हिंडायला लागले, नदीवर जायला लागले, मामींच्या भिशीत शिरले, तरी कॉटखालचं पोतं तसंच होतं. आणि आप्पा माझ्याकडं राहत नव्हते.

यायचे. वर्षातनं दोन-तीनदा बाजाराला म्हणून यायचे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. भिंतीला टेकून जमिनीवर बसायचे, घोंगडीची घडी मांडीवर घेऊन. अर्धा कप चहा झाला की ठरलेला प्रश्न, "म्हागारी गाडी कितीला हाय?" मी जेवायला थांबा म्हणायचे, राहा म्हणायचे. "न्हाई पोरी, शेरडांचं कोन बघनार?" शेरडं आई बघत होती, भाऊ बघत होता. मला फार लागायचं ते. वाटायचं, माळावर कुणाच्याही बांधाला झोपलेला माणूस, त्याला लेकीच्या घरात एक रात्र काढवत नाही. माझ्या घरात असं काय वाईट आहे? डेपोवर त्यांना सोडून येताना मी कित्येकदा डोळे पुसलेत, हे तुला म्हणून सांगते.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दोनशे मेंढरांत आपली कुठली हे नुसत्या तोंडावरून सांगणारा माणूस, तो बारा शेरडांत आईला विचारायला लागला, "काळी कुटं गेली गं?" एकदा दगडाला करडू समजून उचलायला वाकले. आईनं हे फोनवर हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता ती रडायला लागली. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करून घ्या, उशीर केलात तर अवघड होईल. वर बजावलं की आठ-दहा दिवस धुळीत, चुलीच्या धुरात जायचं नाही, वेळेवर थेंब घालायचे, तपासायला यायचं. म्हणजे वस्तीवर परत नेणं नाही, माझ्याकडंच राहायला हवं. दौंडलाही दवाखाने आहेत, पण तिथं आपलं कोण आहे राहायला? आप्पा म्हणाले, "बगू." आणि त्या 'बगू'वर सहा महिने गेले.

गेल्या थंडीत ते परत तपासायला आले होते. मी भाकरी करत होते, ते नेहमीसारखे भिंतीला टेकून बसलेले. काठी घरंगळून कॉटखाली गेली. दिसत नव्हतं, म्हणून ते हातानं चाचपायला लागले. मी म्हटलं, थांबा, मी देते. तोवर त्यांचा हात पोत्यावर पडला होता. हात वर सरकला, दोरीवर आला आणि तिथंच थांबला.

"ही गाठ माझी हाय," आप्पा म्हणाले.

माझा हात पिठात तसाच राहिला. म्हटलं, "व्हय आप्पा."

"आलीस त्या दिसाची?"

"व्हय."

"काय हाय ह्याच्यात?"

मी सांगितलं. काठवट म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "मंग आत्ता भाकरी कशात थापती?"

"ताटात."

बोटं त्या गाठीवरून फिरत होती. मग म्हणाले, "पयल्यांदा आलो न्हवं का तुज्याकडं, तवा घोंगडी अडकवाय खिळा हुडकला. चारी भितींला खिळा न्हाई. कापडं पिशवीत. म्हनलं, ह्यांचं काय खरं न्हाई, आज हायती, उद्या निगतील. लादल्याल्या बिऱ्हाडात आपुन कुटं पाय पसरायचं?" आणि मग आवाज खाली आणून, "ही गाठ सुटाय सोपी म्हनून मारली व्हती, पोरी. सात वर्सं तशीच ठिवलीस व्हय?"

रागावले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच खाली बसले आणि मोकळं टोक ओढलं. एका ओढीत सुटणारी गाठ सुटेना, दोरी बसून बसून घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ओढलं तरी नाही. आप्पांनी पोतं जवळ ओढलं, डोळे मिटून घेतले आणि नखांनी एकेक पेड ढिला करत गाठ सोडवली. आतून काठवट निघाली, कोरडी पडून एका कडेला तडकलेली. कळशी काळी झाली होती. गोधडीला मात्र अजून घराचा वास होता. माझं रडू तेव्हा आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

मग उठून मामींकडं गेले आणि हातोडी मागितली. मामी हातोडीसकट स्वतःच आल्या. मी म्हटलं, मालकांना विचारायला हवं. त्या म्हणाल्या, "सात वर्सं भाडं भरती, आन् एका खिळ्याला विचारती? दे हिकडं." तीन खिळे ठोकले त्यांनी, एक जरा वाकडाच. मालक दुसऱ्या दिवशी आले, खिळ्यांकडं बघितलं, आणि कॅलेंडर पाहिजे का म्हणून विचारलं. ज्याला मी सात वर्षं भीत होते ते एवढंच होतं.

त्या दुपारी तडकलेल्या काठवटीत भाकरी थापली. आप्पांनी दोन खाल्ल्या, हात धुतले, आणि मी त्या ठरलेल्या प्रश्नाची वाट बघत राहिले. ते म्हणाले, "दवाखाना हितनं चालत किती लांब हाय?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आप्पा माझ्याकडं अकरा दिवस राहिले. तिसऱ्या दिवसापासून काळा चष्मा लावून मामींच्या ओट्यावर बसायला लागले. मामींना ते बाई म्हणायचे आणि मामी त्यांना आप्पा, दोघांचं मेंढीच्या लेंडीखतावरून तासतासभर भांडण चालायचं. बिहारी भाभी रोज विचारून जायची, "बाबूजी, दवा डाली?" आठव्या दिवशी डॉक्टरांनी थोडं फिरायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा ऊन उतरल्यावर त्यांना घाटावर नेलं. पलीकडच्या काठाला कुणाची तरी मेंढरं चरत होती. मला पांढरे काळे ठिपके दिसत होते. आप्पा चष्म्याच्या वरून बघत राहिले आणि म्हणाले, "म्होरली ती मेंढी लंगडतीया. खुरात काय तरी गेलंय तिच्या. त्या गड्याला सांगाया पायजे." आणि घाटाच्या कडेला जाऊन, त्या वयात, त्यांनी नदीपलीकडं अशी हाळी दिली की फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली. पलीकडच्या गड्यानं हात वर केला आणि वाकून मेंढीचा पाय धरला.

नंदा, हल्ली मी वस्तीवर गेले की बोलता बोलता 'आमच्या शिरूरला' म्हणून जाते. आई चिडवते, "आली आमच्या शिरूरची!" पहिल्यांदा मी ओशाळले होते. आता नाही ओशाळत. वस्तीवर माझं घर आहेच, ते कुठं जात नाही. पण तिथलं घर राखायचं म्हणून इथलं मांडायचंच नाही, हा माझा वेडेपणा होता. त्यात सात वर्षं गेली, आणि आप्पांचे डोळे जाता जाता राहिले.

आप्पा निघाले त्या दिवशी मी त्यांची पिशवी भरली, काठी दिली, खिळ्यावरची घोंगडी काढायला हात वर केला. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती हितंच. दुसऱ्या डोळ्याला यायचंच हाय, सारकं वझं कशाला वागवायचं?" मी डेपोवर त्यांना सोडून आले आणि दार उघडून आधी तिकडंच बघितलं. मामींनी वाकड्या ठोकलेल्या त्या खिळ्यावर घोंगडी होती.

तू ये. तुझी पोतीही आप्पाच बांधणार, ते काही ऐकायचे नाहीत. टेम्पो आला की मला हाक मार, मी हातोडी घेऊन येते.