पुराणिकसान आणि नावाडी आजी

पुराणिकसान माणसाला मारण्याआधी त्याची माफी मागायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा संपत आला की ते चॉपस्टिक्स बाजूला ठेवत, हात जोडत आणि मान खाली घालून हळूच म्हणत, ‘‘उद्या सेनापती जातील. क्षमा असावी.’’ हे सेनापती त्यांच्या कादंबरीतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच गेलेले असत आणि पुराणिकसान सुतकात असल्यासारखे दिवसभर गप्प. शिंदेदादांनी एकदा न राहवून विचारलं, ‘‘अहो, मारणार तुम्हीच, रडणार तुम्हीच. मग वाचवा की त्याला!’’ त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘‘मी विनंती केली होती. ते ऐकत नाहीत.’’

पुराणिक हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हतं. शिंदेदादा आणि मी पुण्याहून कंत्राटावर तोक्योतल्या एका कंपनीत आलो होतो आणि हे गृहस्थ आमच्याच टीममध्ये टेस्टिंग करत आणि आमच्याशी इंग्रजी-जपानी मिसळून बोलत. पन्नाशीकडे झुकलेले, एकटे राहणारे, शर्टाचं गळ्याचं बटणही न विसरणारे. देव, दैत्य, शाप आणि परलोक यांच्या गोष्टी जेवताना सांगतात म्हणून शिंदेदादांनी त्यांचा पुराणिक केला आणि ऑफिसच्या रीतीप्रमाणे मागे आपल्या ‘राव’सारखं सान लावलं. पुराणिक म्हणजे काय हे कळल्यावर ते खूश झाले. ‘‘त्याला सगळ्या गोष्टीचा शेवट आधीच माहीत असतो, हो ना? मलाही माहीत आहे. तिथे पोचायचं तेवढं राहिलंय.’’

ते लाइट नॉव्हेल लिहायचे. खिशात मावणारी, अधूनमधून चित्रं असलेली, बहुतेक करून दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या माणसाची कादंबरी. जपानमध्ये अशी पुस्तकं दर महिन्याला पोत्याने येतात. पुष्कळजण आधी ती एखाद्या वेबसाइटवर फुकट लिहितात, प्रकरण-प्रकरण करून. पुराणिकसान रोज सकाळी तोझाई लाइनच्या लोकलमध्ये, दाराशी उभं राहून, एका अंगठ्याने फोनवर लिहीत. मी निशी-कासाई स्टेशनला त्याच डब्यात चढायचे. मान हलवून नमस्कार व्हायचा, शब्द नाही. ऑफिसच्या स्टेशनवर उतरताना ते प्रकरण साइटवर टाकून मोकळे व्हायचे.

गोष्ट एका टोलनाक्यावरच्या कारकुनाची होती. तो मरतो आणि दुसऱ्या जगात जन्माला येतो. तिथल्या राजाने सगळ्या नद्यांना कुलपं घातलेली. परवान्याशिवाय होडी चालवायची नाही, पाणी भरायचं नाही, प्रेतही सोडायचं नाही. कारकुनाला समुद्रापर्यंत जायचं असतं आणि त्याला नेते एक नावाडी आजी. ती डाव्या पायाने लंगडते. दात नाहीत म्हणून हसताना मनगटाने तोंड झाकते. राजाच्या पहारेकऱ्यांना आधी शिव्या घालते आणि मग सुका मासा देते. जन्मात एकही परवाना तिने घेतलेला नाही.

मी ते शब्दकोश घेऊन वाचलं आणि पेटले. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली, अक्षरओळख मी त्यांच्यावरच केली. मी पुराणिकसानना म्हटलं, ‘‘ही सरळसरळ सत्याग्रहाची गोष्ट आहे! पाणी कोणाचं, हाच प्रश्न आहे ना?’’

‘‘नाही, पवार-सान. ही एका म्हातारीची गोष्ट आहे.’’

‘‘पण ती कायदा मोडते.’’

‘‘तिला कायदा आहे हेच नीट माहीत नाही. ती होडी चालवते.’’ मग माझा पडलेला चेहरा पाहून घाईने म्हणाले, ‘‘तुमच्या पत्रकात पुष्कळ माणसं असतात. माझ्याकडे एकच आजी आहे. मला तिलाच सांभाळायला हवं.’’

वाचणाऱ्यांना ते ‘थांबलेले लोक’ म्हणत. प्रत्येक प्रकरणाखाली लोक आपलं म्हणणं लिहीत आणि ते प्रत्येकाला उत्तर देत. कोणी रुग्णालयातली परिचारिका होती, कोणी शाळेत जायचं सोडून खोलीत बसलेला मुलगा. त्या मुलाने एकदा लिहिलं, ‘आजी ओरडली म्हणून आज मी खिडकी उघडली.’ ते वाक्य त्यांनी मला आणि शिंदेदादांना फोनवर दाखवलं आणि दाखवताना फोन दोन्ही हातांनी धरला होता. ताप असला तरी ते प्रकरण टाकत. ‘‘लोक थांबलेत,’’ एवढंच कारण.

आणि मग एका प्रकाशकाकडून विचारणा झाली. पुराणिकसाननी ऑफिसात केक वाटला. शिंदेदादांनी त्यांना जपून ठेवलेली बाकरवडी दिली, ती त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. प्रकाशकाची पहिली अट या धंद्यातली नेहमीचीच होती. पुस्तक निघणार म्हणजे वेबसाइटवरची कादंबरी काढून टाकायची. दुसरी गोष्ट अट म्हणून सांगितलेलीच नव्हती. तरुण संपादक फार नम्रपणे म्हणाला, मुखपृष्ठावर आजी चालत नाही. आजीच्या जागी रुपेरी केसांची सोळा वर्षांची मुलगी आणता येईल का?

‘‘तुम्ही नाही म्हणालात ना?’’ मी विचारलं.

ते बराच वेळ डब्यातला भात सारखा करत राहिले. ‘‘चित्र तयार होतं, पवार-सान. त्यांनी टेबलावर ठेवलं. चित्रकर्ती नवीन आहे. तिने एकेक केस काढलाय. होडीच्या दोऱ्यांच्या गाठीसुद्धा बरोबर आहेत, म्हणजे तिने माझी सगळी प्रकरणं वाचली असणार. मी नको म्हटलं असतं तर तिचं काम फुकट गेलं असतं.’’

माझ्या तोंडाशी आलेलं भाषण तिथेच अडलं. ती चित्रकर्तीही पोटासाठीच राबत होती. 

कादंबरी साइटवरून काढली ती दुपारच्या सुट्टीत, आमच्यासमोर. त्यांनी बटण दाबलं आणि फोनकडे पाहत राहिले. प्रकरणांच्या प्रती त्यांच्याकडे होत्या. पण प्रकरणांबरोबर खाली लोकांनी लिहिलेलं सगळंही पुसलं जाईल, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतःचं लिखाण जपणाऱ्या माणसाला दुसऱ्यांचं बोलणं जपायचं सुचलं नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. ते बोलणं त्यांचं स्वतःचं नाही, त्याची प्रत काढून ठेवणं असभ्यपणाचं, असंच त्यांना वाटत आलं होतं. परिचारिका गेली, खिडकी उघडणारा मुलगा गेला. शिंदेदादा म्हणाले, ‘‘होतं हो, पुस्तक आलं की परत येतील सगळे.’’ पुराणिकसाननी मान हलवली आणि टेबल पुसायला घेतलं.

पहिला खंड आला. या पुस्तकांचं नशीब पहिल्याच आठवड्यात ठरतं म्हणे. तेवढ्यात खपलं तर पुढचा खंड, नाहीतर नाही. शिंदेदादांना जपानी वाचता येत नाही, तरी त्यांनी एक प्रत घेतली आणि घरी टीव्हीशेजारी उभी केली. त्यांच्या मुलीने ती एका बैठकीत वाचून काढली आणि बापाला जपानीतच अभिप्राय दिला, त्याचं भाषांतर मला करावं लागलं. छान आहे, पण ती मुलगी मधेच म्हातारीसारखं का बोलते?

ती तशी बोलायची कारण पुराणिकसान चोरून आजीची वाक्यं तिच्या तोंडी घालत. दुसऱ्या खंडात संपादकाने तीही गोड करून मागितली. शिव्या गेल्या, सुका मासा गेला. लंगडण्याऐवजी पायात पैंजण आले. जुन्या वाचकांपैकी काहींनी इकडेतिकडे विचारलं, आजी कुठे आहे? प्रकाशकाने कळवलं की या विषयावर लेखकाने न बोललेलं बरं. ते बोलले नाहीत. तिसरा खंड आला आणि कारकून नदीच्या मध्यावर असताना मालिका थांबली.

थांबली, असंही कोणी म्हणालं नाही. मालिका बंद झाल्याचं जाहीर न करण्याचा तिथे रिवाज आहे. पुढचा खंड नुसता येत नाही. वाचक वर्ष-वर्ष वाट बघतात आणि लेखकाने गप्प राहायचं, कारण बोलला तर प्रकाशकाला खाली पाहायला लावल्यासारखं होतं. मी संतापले. म्हटलं, आपण निवेदन काढू, वाचकांच्या सह्या गोळा करू.

पुराणिकसान कितीतरी दिवसांनी हसले. ‘‘कोणाच्या सह्या, पवार-सान? सगळ्यांची टोपणनावं आहेत. ‘झोपाळू पाणमांजर’ सही कशी करणार?’’

मग मी पत्रक मनातल्या मनात लिहून पाहिलं आणि मला कळेना की ते लिहायचं कोणाविरुद्ध. संपादक सभ्य होता, चित्रकर्ती मेहनती होती, दुकानदाराने पुस्तक नीट मांडलं होतं. प्रत्येकाने वाकून आभार मानले होते. एवढ्या सगळ्या चांगुलपणात एक म्हातारी बुडाली होती आणि बोट दाखवायला माणूस नव्हता. असा अन्याय मला कोणत्याच पत्रकाने शिकवला नव्हता.

ते ट्रेनमध्ये लिहीत राहिले. संपादकाच्या सल्ल्याने त्यांनी साइटवर नवी कादंबरी सुरू केली, राज्यातून हाकललेल्या एका आचाऱ्याची, दोन ओळींच्या नावाची. ती साइटच्या क्रमवारीत चढलीच नाही. एका सकाळी पाहिलं तर फोन खिशात होता आणि ते दारावरच्या जाहिराती वाचत होते. त्यानंतर रोज तेच.

पुढच्या वसंतात त्यांचे वडील अंथरुणाला खिळले आणि ते नोकरी सोडून गावी, पश्चिमेकडे समुद्राकाठी निघाले. जाण्याआधीच्या रविवारी मी त्यांना अराकावा नदीच्या बांधावर भेटले. खाली मुलं बेसबॉल खेळत होती. मी म्हटलं, ‘‘छापणं राहू दे. शेवट मला नुसता सांगा. तुम्हाला माहीत होता ना?’’

त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, जेवताना सांगायचे तसे. ‘‘होडी नदीच्या मुखाशी येते. धुकं असतं. पलीकडे समुद्राचा आवाज. कारकून उतरतो आणि मागे वळून आजीला विचारतो...’’ ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. ‘‘मागे वळून विचारतो... वल्ह्यावरचा हात तरुण आहे. रुपेरी केस आहेत. थांबा.’’ त्यांनी डोळे मिटले. ‘‘आजी येत नाहीये, पवार-सान. ही मुलगी उठतच नाही तिथून. आणि हिला समुद्राबद्दल काहीच माहीत नाही.’’

मग मीच सांगायला लागले. डावा पाय, मनगट तोंडावर धरून हसणं, पहारेकऱ्यांना दिलेल्या शिव्या, मासा. माझ्या मोडक्या जपानीत मी त्या शिव्या मोठ्याने म्हणून दाखवल्या, तेव्हा खालच्या मुलांनी वर बघितलं. पुराणिकसान मान हलवत, फार मन लावून ऐकत होते. पाहुण्याने आपल्या गावाकडची हकिगत सांगावी आणि आपण सौजन्याने ऐकावी, तसं.

माझं सांगून संपलं.

‘‘छान आहे ही म्हातारी,’’ ते म्हणाले. ‘‘लिहिणाऱ्याने तिला जपायला हवं होतं.’’

त्यांनी पँटवरचं गवत झटकलं, वाकून माझे आभार मानले आणि स्टेशनकडे चालू लागले.