नकाशातली कोठी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. ऑफिसात त्यांना ‘इंच’ म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे इंच. एखाद्या नवख्याने दाराचं माप अंदाजाने टाकलं की भाऊजी पेन्सिलीचं मागचं टोक त्या दारावर टेकवून विचारत, “यातून माणूस जाणार आहे की अंदाज?” मग तो बिचारा टेप घेऊन निघे. निवृत्त झाल्यावरही घरात फोटो टांगायचा तर भिंतीचा मध्य काढल्याशिवाय खिळा ठोकला जात नसे. ताई म्हणायची, “यांच्या हातून एखादी चूक व्हावी म्हणून मी लग्नापासून वाट बघतेय. माझा काही नंबर लागत नाही.”

घरात त्यांची मोठी बहीण होती, अक्का. आई लवकर गेल्यामुळे भाऊजींना तिनेच वाढवलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी रहस्यकथा वाचायची हा तिचा एकच षौक. तीही शेवटचं पान आधी. “खुनी कोण ते कळलं की मग निवांत वाचता येतं,” असं तिचं म्हणणं. संध्याकाळची वीज जायला लागली तेव्हा सगळे जेवणाच्या टेबलाशी एका चार्जिंगच्या दिव्याभोवती जमत, अक्का मोठ्याने वाचत असे आणि ताई रागावत असे, “अक्का, खुनी आधी सांगू नका हो!”

हे वीज जाणं वाढत चाललं, तेव्हा भाऊजींनी पूर्ण घराला पुरेल असा जनरेटर घ्यायचं ठरवलं.

ठरवलं आणि घेतला असं त्यांच्या बाबतीत होणं शक्यच नव्हतं. ज्यांच्याकडे जनरेटर आहेत त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला ते कान लावून उभे राहत. पेट्रोलचा की डिझेलचा, यावर त्यांनी माझं एक अख्खं सुट्टीचं दुपारचं जेवण थंड केलं. फ्रिज, पंखे, एसी, पाण्याची मोटर यांचा भार मांडला. मोटर चालू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते, तेवढी जागा हाताशी ठेवली. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, “साहेब, जनरेटर घ्यायचाय की पोरगी द्यायचीय?”

“पोरगी परत येऊ शकते,” भाऊजी म्हणाले, “जनरेटर तुम्ही परत घेणार आहात का?”

अखेर डिझेलचा पसंत पडला. आवाज दाबणारी पेटी असलेला, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. मग भाऊजींनी घराचा नकाशा स्वतः काढला. कुठला दिवा, कुठला पंखा, कुठलं बटण जनरेटरवर घ्यायचं ते लाल पेन्सिलीने दाखवलं. परसात घरापासून सुटी एक खोली होती, तिथे ‘कोठी’ असं लिहिलं. कोठीत रिकामे डबे आणि जुनी सायकल. तिला जनरेटर कशाला? उलट जनरेटरचा चौथरा त्यांनी कोठीच्या भिंतीलगतच आखला. तिथे कुणी झोपत नाही आणि धूर मोकळ्या बाजूला जातो. नकाशा दुकानात गेला. आता माल येण्याची वाट.

मधल्या काळात माझ्या भाच्याची, म्हणजे ताईच्या मुलाची, बदली इथे झाली. तो, त्याची बायको आणि तान्हं बाळ राहायला आले. अक्काने आपण होऊन आपली खोली त्यांना दिली. “मला मागची कोठी द्या. बाळ रडेल, तुम्ही जागा, मी मस्त झोपेन.” सायकल विकली, भिंती रंगवल्या. तिच्या पुस्तकांसाठी भाऊजींनी स्वतः माप घेऊन फळ्या ठोकल्या, अशा की रहस्यकथांच्या वर कागदही सरकू नये.

जनरेटर आला नेमका भाऊजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. डोळ्यावर पट्टी, पडून राहायची सक्ती. फिटर खिडकीशी येऊन काही विचारू लागला की हे आतूनच ओरडत, “नकाशाप्रमाणे करा. इंचभर इकडेतिकडे नको!”

पुढे पहिल्यांदा वीज गेली, बाहेर घरघर झाली आणि सगळे दिवे लागले, तेव्हा ताईने टाळी वाजवली. भाऊजी खुर्चीत मागे रेलून बसले. मी त्या दिवशी तिथेच होतो. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

“अक्का नाही आल्या?” मी विचारलं.

“आता कशाला येईल? तिलाही आहेत की दिवे. वाचत असेल.”

टेबलाभोवती जमणं बंद झालं. जो तो आपापल्या खोलीत. भाऊजींनी एकदा अक्काला विचारलं, “जनरेटरचा त्रास नाही ना होत?” ती म्हणाली, “मला कुठे ऐकू येतंय आता?” जन्मभर कानावर पोट भरलेली बाई. फोनची घंटा तिला अंगणापलीकडून ऐकू यायची. पण तेव्हा कुणाच्या हे लक्षात आलं नाही.

काही महिन्यांनी अक्काने बॅग भरली. आमच्या गावातच पलीकडच्या टोकाला तिची एक लांबची भाची एकटी राहत होती. “तिला सोबत हवीय,” एवढंच कारण. भाऊजी रागावले, विनवून झालं. ती गेली.

त्यानंतर फिटर तेल बदलायला आला. चाचणीसाठी त्याने मेन स्विच पाडला, जनरेटर सुरू झाला. त्याला हात पुसायला फडकं हवं होतं म्हणून भाऊजी अक्काच्या खोलीत गेले. बटण दाबलं. दिवा लागेना. दाराच्या उजेडात त्यांना उशाशी एक बशी दिसली, बशीत मेणबत्तीचं थोटूक, आणि चाचपडताना हाताला लागेल अशी ठेवलेली काड्यापेटी. मागे राहिलेल्या एका पुस्तकाच्या पानांवर मेणाचे थेंब होते.

बाहेर येऊन ते म्हणाले, “मागची लाईन गेलीय वाटतं.”

“गेली कशी, साहेब? ती खोली जनरेटरवर नाहीच. नकाशात कोठी होती. मला शंका आली होती, म्हणून त्या आजींना म्हटलं, साहेबांना विचारू का? त्या म्हणाल्या, नको. त्याने आखलंय ना, मग विचार करूनच आखलं असेल.”

भाऊजी त्या चौथऱ्यावरच बसले. ताईने मला फोन केला, “लवकर ये, हे चौथऱ्यावरून उठतच नाहीयेत.”

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या सगळ्या हिशेबाच्या उलट होतं. कोठीत तार ओढलीच, पण चांगला चौथरा फोडून जनरेटर तिथून हलवला आणि स्वतःच्या बेडरूमजवळ, धूर येऊ नये एवढंच अंतर राखून, बसवला. आवाज सरळ उशाशी.

नंतर भाऊजी आणि मी अक्काला आणायला गेलो. भाचीने चहा केला. भाऊजींनी कप हातातही घेतला नाही.

“अक्का, माझी चूक झाली. जुना नकाशा गेला. तू तिथे राहायला गेलीस तेव्हा बदलायला हवा होता, मी विसरलो.”

अक्का त्यांच्याकडे बघून हसली. “तू? विसरलास?”

“अगं, खरंच.”

“असू दे रे. मी काही मनाला लावून घेतलं नाही. घरात माणसं वाढली, बाळ आलं. सगळं पुरवायचं तर कुणाला तरी वगळावं लागतं. मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं.”

“वगळलं नाही गं! राहून गेलं!”

“बरं, राहून गेलं.” हातात चॉकलेट लपवलेल्या मुलाला ‘बरं, नाही खाल्लंस’ म्हणावं, तसं ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊजींना भांडता तरी आलं असतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “अक्का, खरंच चुकून झालंय हो.”

“तुम्ही त्याचीच बाजू घेणार,” ती म्हणाली. “चहा घ्या, निवतोय. मी इथे बरी आहे.”

निघायच्या वेळी तिने भिंतीकडे बोट दाखवलं. पुस्तकं खिडकीत रचून ठेवली होती. “आलाच आहेस तर इथल्या फळीचं माप घेऊन जा. सुताराचं काही खरं नसतं.”

भाऊजींच्या खिशात टेप असतोच. त्यांनी माप घेतलं, तळहातावर लिहिलं. मग टेप पुन्हा भिंतीला लावला, पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदा लावायला गेले.

“आता परत कशाला?” अक्का मागून म्हणाली. “तुझं कधी चुकतं का?”

भाऊजी भिंतीकडे तोंड करून टेप धरून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी तो गुंडाळला नाही.