बोरगावातलं दुसरं सिम

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात एक फोन होता आणि वाजत होता खिशातला दुसराच. मी ताटावरून वर पाहिलं. त्यांनी घाईघाईनं तो बंद केला. "काही नाही जवाईबापू, तुमी जेवा," म्हणाले, आणि मला आणखी पाटवडीचा रस्सा वाढायला लावला.

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरला एका मोबाइल कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतो. माझं काम पोर्टिंग. म्हणजे ग्राहकाचा नंबर तोच ठेवून त्याला दुसऱ्या कंपनीतून आमच्याकडे आणायचं. दोन महिन्यांपूर्वी मी बोरगाव, माझी सासुरवाडी, जवळजवळ सगळी पोर्ट केली होती. आमचा रिचार्ज स्वस्त होता. "खर्च कमी होणारच, माझा शब्द," असं मी चौकात सांगितलं होतं आणि मामाजी घरोघर माझी ग्वाही देत फिरले होते.

तेव्हापासून तक्रार एकही नव्हती. मी खूश होतो. माझ्या मेव्हणीनं, वैशालीनं, ती खुशी ताटावरच उतरवली.

"भाऊजी, गावच्या जवायाले तोंडावर कोन बोलन? मीच सांगतो. सगळ्याइचा खर्च वाढला. तुमचं सिम घरी चालते, वावरात नाही. मंग लोकं वावरासाठी जुन्या कंपनीचं दुसरं सिम घेऊन राहिले. आता दोन-दोन रिचार्ज!"

मामाजी मान खाली घालून भात कालवत होते. गेल्याच आठवड्यात ते बागेत असताना संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन लागला नाही. तो शेजारच्या बागेतली संत्री घेऊन मोकळा झाला. मग मामाजींनीही तो खिशातला दुसरा फोन घेतला. हे मला वैशालीकडून कळलं. मला शरमच वाटली.

हात धुऊन मी छिंदवाड्याला कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"टावर की रिक्वेस्ट डाल दो," साहेब म्हणाले. "और टेन्शन मत लो. नब्बे दिन तो कोई जा नहीं सकता." एकदा पोर्ट केलं की नव्वद दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही, असा नियम आहे.

"सर, नब्बे दिन बाद भी मैं इस गांव का दामाद ही रहूंगा."

तिकडून फोन कट झाला.

मी मामाजींना घेऊन थेट बागेत गेलो. माझ्या फोनला सिग्नल भरपूर होता. त्यांच्या फोनला एक कांडीही नव्हती. कंपनी एकच, झाड एकच. मग टॉवरचा काय दोष? मी त्यांच्या फोनचं सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. नेटवर्क 'मॅन्युअल'वर होतं, म्हणजे फोन फक्त मध्य प्रदेशातलाच टॉवर पकडणार. आणि ते मीच केलं होतं.

बोरगावपासून महाराष्ट्राची हद्द जवळ. पूर्वी फोननं पलीकडचा टॉवर पकडला की रोमिंगचे पैसे कटायचे. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाचा फोन आपल्या बाजूच्या टॉवरला बांधून द्यायचो. लोक दुवा द्यायचे. पुढे रोमिंगचे पैसे बंद झाले, माझी सवय काही सुटली नाही. नवं सिम टाकलं की बोट आपोआप तिथंच जायचं. आणि या वावरांत आमच्या कंपनीचा सिग्नल येतो तो पलीकडच्याच टॉवरचा!

मी 'ऑटोमॅटिक' केलं. क्षणभरानं चार कांड्या उभ्या राहिल्या. वैशालीनं घरून फोन लावला. मामाजी इतक्या जोरात "हॅलो" ओरडले, की तिला ते फोनशिवायही ऐकू गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो. "चूक कंपनीची नाही, माझी आहे. आज मी जवाई नाही. काय बोलायचं ते बोला."

एका आजीनं लगेच संधी साधली. "बापू, तुमी तं आमचं दिवाळं काढलं!"

सगळे हसले. मग फोनांची रांगच लागली. दुपारपर्यंत गावातला एकही फोन बांधलेला राहिला नाही.

नव्वद दिवस उलटले त्या दिवशी मी वेळेआधीच स्टोअर उघडलं. कंपनी सोडायला बोरगावचा एकही माणूस आला नाही. मामाजी तेवढे आले, संत्र्यांची थैली घेऊन. आपल्या बागेतली संत्री त्यांनी त्याच व्यापाऱ्याला दिली होती, बागेत उभं राहून, फोनवर घासाघीस करून. थैली ठेवून त्यांनी खिशातून दुसरा फोन काढला.

"जवाईबापू, हा कोनाले इकता येईन का?"

इतका आनंद मला कुठल्याही टार्गेटनं दिला नव्हता.

आता नवा ग्राहक आला की रिचार्जची किंमत मी शेवटी सांगतो. आधी विचारतो, घरात सिम किती आणि वावर कुठं. आणि सासुरवाडीत जेवताना सगळ्यांचे खिसे बघतो.