हप्ता बुडू नये म्हणून

"आम्ही कुणाचं एका पैशाचं देणं लागत नाही," हे वाक्य माझ्या सासरी नमस्काराच्या जागी वापरलं जायचं. पाहुणा दारात चपला काढत असतानाच ते त्याच्या अंगावर यायचं. मी लग्न होऊन वर्ध्याकडून पुण्यात आले तेव्हा मला वाटलं, या लोकांवर कधीतरी कुणीतरी मोठा आळ घेतला असणार, त्याशिवाय माणसं इतका खुलासा करत नाहीत. माझ्या माहेरी वाण्याकडे महिन्याचं खातं असायचं. पगार झाला की वडील ते चुकतं करायचे आणि वाणी वर मूठभर शेंगदाणे द्यायचा. त्यात कुणाची अब्रू गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. पुण्यात मात्र पहिल्याच महिन्यात मी कसब्यातल्या वाण्याला साखर "लिहून ठेवा" म्हणाले, तर सासूबाई संध्याकाळी स्वतः जिना उतरून पैसे देऊन आल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नवरा एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. घराचंही त्यांनी स्टोअरच करून टाकलं होतं. जे येईल ते रोख येईल आणि रोख जमेपर्यंत येणार नाही. आम्ही फ्रीज घेतला तेव्हा शेजाऱ्यांचा दुसरा फ्रीज जुना झाला होता. तोवर आम्ही माठातलं पाणी प्यायचो आणि शेजाऱ्यांची कीव करायचो. "हप्त्यावरचा आहे त्यांचा," असं हे खालच्या आवाजात सांगायचे, जणू त्या घरातल्या मुलीनं पळून जाऊन लग्न केलंय. मी त्या फ्रीजमधला बर्फ मागून आणायचे. तो चालायचा, कारण तो फुकट होता.

पुढे गावात संगणकवाल्या कंपन्या आल्या, मोटारी आल्या आणि बँकांच्या मुली दुपारी फोन करून क्रेडिट कार्ड घ्या म्हणायला लागल्या. यांना तर पर्वणीच झाली. "मला कर्ज विकायला फोन करता? लाज नाही वाटत?" असं म्हणून फोन ठेवायचे आणि तोच संवाद सोसायटीच्या बाकावर चार जणांना पुन्हा ऐकवायचे. पलीकडे एखादी बिचारी महिना भागवण्यासाठी त्या खुर्चीत बसली असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाकावरचे चौघेही माना डोलवायचे. आमच्याकडे काटकसर हा गुण नव्हता, ती जात होती, आणि बाकीचं सगळं पुणं तिच्या खाली होतं.

तोवर आम्ही कात्रजला राहायला आलो होतो, भाड्यानं. स्वतःचं घर घ्यायचं तर पूर्ण रक्कम साठवून घ्यायचं, असं यांचं ठरलेलं. दर वर्षी आमची शिल्लक वाढायची आणि दर वर्षी घरांचे भाव तिच्यापुढे पळायचे. हे मी बोलून दाखवलं तर म्हणायचे, "भाव खाली येतील. हा सगळा फुगा आहे." तो फुगा फुटायची वाट बघत आम्ही दर अकरा महिन्यांनी भाड्याचा करार नव्यानं करायचो, आणि दर वेळी करार संपत आला की मी मालकाच्या फोनकडे कान लावून बसायचे. कारण त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी डबे करत होते. जवळच्या कॉलेजातली मुलं, पुढे दोन-चार कंपन्यांतली पोरं, सगळी त्याच रस्त्यावर राहणारी. घर सुटलं असतं तर माझा धंदा सुटला असता. माझे पैसे रोख यायचे आणि रोख खर्च व्हायचे. बँकेत माझं नाव नव्हतं, कारण "घरात एक खातं पुरे आहे."

फ्लॅटचा मालक सॉफ्टवेअरमधला तरुण मुलगा होता. एक दिवस तो आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, मी अमेरिकेला चाललोय, फ्लॅट विकणार आहे. तुम्ही घेणार असाल तर आधी तुम्हालाच. दिवाळीपर्यंत थांबतो." मी हातातला झारा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी यांच्याकडे काही मागितलं. मी म्हणाले, हा फ्लॅट घ्या. निम्मी रक्कम आपल्याकडे आहे, निम्मी कर्जानं घ्या.

यांनी कर्जाचं नाव ऐकून आठवडाभर जेवण कमी केलं. पण गेले शेवटी बँकेत, मला बरोबर घेऊन. इस्त्रीचा शर्ट, हातात पासबुकांची पिशवी. ऐटीत तर असे की बँकेवर उपकार करायला निघालेत. काउंटरमागच्या मुलीनं संगणकात बघितलं आणि विचारलं, "काका, याआधी काही लोन? कार्ड? गाडी?"

"आयुष्यात नाही," हे म्हणाले आणि खुर्चीत सरसावून बसले. आता ती उठून उभी राहील, असं त्यांना वाटलं असावं.

"मग तुमचा स्कोअरच नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही पैसे वेळेवर फेडता की नाही, हे आम्हाला कळायला काही मार्गच नाही."

त्या क्षणी यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला हसू आलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पंचवीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी अख्ख्या जगाला तुच्छ लेखलं, त्याच गोष्टीमुळे ते बँकेच्या लेखी कुणीच नव्हते. दोन कार्डं वापरून दर महिन्याला बिल भरणारं वरच्या मजल्यावरचं कार्टं बँकेच्या दृष्टीनं आमच्यापेक्षा भरवशाचं होतं.

ती मुलगी मात्र चांगली होती. तिनं आवाज न चढवता समजावलं. एखादी वस्तू हप्त्यानं घ्या, हप्ते तारखेला भरत राहा, दिवाळीपर्यंत स्कोअर तयार होईल, मग या, मी स्वतः तुमचं काम करून देते. इतकं सोपं होतं. लहान मुलाला जमलं असतं.

आम्ही कपडे धुण्याचं मशीन घेतलं, वर्षभराच्या हप्त्यांवर. दुकानात हे नाव आणि पत्ता इतक्या हळू सांगत होते की दुकानदाराला तीनदा विचारावं लागलं. मशीन घरी आलं. मी बादलीतले कपडे उचलले तर हे आडवे आले.

"थांब. अजून आपलं नाहीये ते."

मला आधी कळेचना. मग कळलं. हप्ते संपेपर्यंत ते मशीन वापरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या मते ते परक्याचं होतं. त्यावर त्यांनी एक जुनी चादर घातली आणि मी पूर्वीसारखीच मोरीत बसून कपडे घासायला लागले. नवंकोरं मशीन शेजारी, त्याच्यावर चादर आणि खाली मी. कुणी आलं तर विचारायचं, काय आहे हो ते? हे म्हणायचे, सामान आहे.

मी सहन केलं, कारण मला घर हवं होतं. वर्षभरच तर घासायचे होते, घर तर दिवाळीलाच मिळणार होतं. घर झालं की ओट्याची फरशी बदलायची, दाराबाहेर डब्यांसाठी मांडणी करून घ्यायची, असं मनात ठरवत मी कपडे पिळायचे. मालकाला मी अधूनमधून फोन करायचे, तो म्हणायचा, थांबलोय काकू.

आणि मग एका दुपारी हे पेढे घेऊन घरी आले. कारखान्यातून लवकर सुटले होते. देवापुढे पेढा ठेवला, मशीनवरची चादर ओढून काढली आणि म्हणाले, "लाव आजपासून. सगळे पैसे भरून मोकळा झालो."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. मुदतीआधी बंद करायचे म्हणून वर थोडा दंड घेतला त्यांनी, पण म्हटलं जाऊ दे. झोप लागत नव्हती."

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून बाईशी अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस. त्यानं आपण होऊन दंड भरला होता, कशासाठी, तर आपल्या बायकोचं घर घालवण्यासाठी. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "उलट आता बँक खूश होईल. सांगितल्यापेक्षा लवकर फेडलं ना?"

खूश व्हायला दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. मीही गेले, मला त्या मुलीचं तोंड बघायचं होतं. तिनं कर्ज बंद झाल्याचा कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "काका, तीनच हप्ते? एवढ्यावर स्कोअर तयार होत नाही हो. बंद का केलंत? आता परत पहिल्यापासून." हे तिला तत्त्वं सांगायला लागले. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त किळस येत होती. या माणसाला घर नको होतं, घराची चाड नव्हती. त्याला फक्त स्वच्छ राहायचं होतं, आणि त्याच्या त्या स्वच्छतेपायी घासायचं मला होतं.

मालक दिवाळीनंतरही थोडा थांबला, हे त्याच्या चांगुलपणाचं. मग त्यानं फ्लॅट एका नवरा-बायकोला विकला. दोघंही आयटीतले, तिशीही न ओलांडलेले. त्यांना कर्ज इतक्या पटकन मिळालं की मला आधी विश्वास बसेना. "वीस वर्षांचं कर्ज!" हे मला म्हणाले. "म्हातारे होईपर्यंत फेडत बसतील. बिचारे."

बिचाऱ्यांना तिथं राहायचं नव्हतं. त्यांनी गुंतवणूक म्हणून घेतला होता. आम्हालाच राहा म्हणाले, भाडं थोडं वाढवून. माझे डबे वाचले. अकरा महिन्यांचा करार पुन्हा सुरू झाला, फक्त त्यावरची सही बदलली.

भाड्याच्या बाबतीत हे अर्थातच चोख. पगार झाला की बसनं औंधला त्यांच्या घरी जाऊन पाकीट हातात देऊन यायचे, तारखेच्या आधी. काही वर्षांनी त्या जोडप्यानं आम्हाला दोघांना चहाला बोलावलं. घर छान होतं, माणसंही वाईट नव्हती. ती मुलगी ताटली पुढे करत म्हणाली, "काका, तुमचे आभारच मानायला बोलावलंय. तुमच्या भाड्यातूनच आमचा बराचसा हप्ता जातो. तुम्ही कधी उशीर केला नाहीत, म्हणून आमचा एकही हप्ता चुकला नाही. स्कोअर इतका चांगला झालाय की बँकेनं आपणहून फोन केला. बालेवाडीला दुसरा घेतोय."

यांची छाती फुगली. परतताना बसमध्ये खिडकीशी बसून ते मला म्हणाले, "बघितलंस? एवढी शिकलेली पोरं, पण मान्य करतात. आपल्या वक्तशीरपणावर उभं आहे त्यांचं."

मी म्हणाले, "अहो, इतकी वर्षं तुम्ही घराचं कर्जच फेडताय. घर तेवढं त्यांचं आहे."

ते विचारात पडले. खरंच पडले, मला क्षणभर आशा वाटली. मग म्हणाले, "पण हप्ता बुडाला तर त्यांचं नाव खराब होईल, आपलं नाही."

मी उठले. बस स्वारगेटच्या अलीकडे सिग्नलला थांबली होती, मी पुढच्या दारानं उतरले आणि चालायला लागले. कुठं जायचंय ते मलाही माहीत नव्हतं. मागून खिडकीतून त्यांचा आवाज आला, काळजीचा होता:

"अगं, तिकीट कात्रजपर्यंतचं काढलंय."