कपाळ गार आहे

मोठ्या मावशीचा राग आमच्या पाळणाघरात सगळ्यांना पाठ आहे. मी तिथे बाटल्या उकळते, दूध कोमट करते. ती तान्ह्यांची खोली सांभाळते. रागाचं कारण एकच. घरून निघताना पोराला तापाचं औषध पाजायचं, म्हणजे दारात कपाळ गार लागतं, आणि दुपारी पोर तव्यासारखं तापलं की फोन उचलायचा नाही. निम्मे आईबाप हेच करतात. म्हणून मावशी दारातच पोराचं तोंड हुंगते. औषधाचा तो गोड वास आला की सरळ परत पाठवते, मग समोर साहेब असो नाहीतर डॉक्टरीणबाई. मालकीणबाई तिच्या नावाने कपाळ बडवून घेतात, पण तान्ही पोरं दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची त्यांची छाती होत नाही.

परवा सकाळी कामावर निघताना मी तिच्या घरी तिला हाक मारायला गेले, तर ती पलंगावर बसून होती. घसा बसलेला, अंगात कसकस. फार नव्हती, पण होती. एरवी असल्या कणकणीला ती भीक घालत नाही. पण त्याच आठवड्यात खोलीत एक नवं बाळ आलं होतं, दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, मुठीएवढं. याला साधी सर्दीसुद्धा झेपायची नाही, असं त्याची आई पहिल्याच दिवशी बजावून गेली होती. मावशी म्हणाली, आज नको. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.

तिने तसं कळवलं, तर लगेच मालकीणबाईंचा फोन. तू नाहीस तर खोली बंद ठेवावी लागेल, बायका दारातून परत जातील, त्यांच्या नोकऱ्यांचा तरी विचार कर, एक गोळी घे आणि तोंडाला रुमाल बांध. स्वतःला दोन शिंका आल्या तर या बाई अंथरूण सोडत नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीने मात्र गोळी गिळली, केस सारखे केले, तोंडाला रुमाल बांधला आणि निघाली. वाटभर मी बडबडत होते.

दारात मालकीणबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला.

"गार आहे की," त्या म्हणाल्या. "उगाच बाऊ करतेस."

रांगेत पुढेच एक बाप पोराला कडेवर घेऊन उभा होता. मावशी सवयीने वाकली, हुंगलं. रुमालातूनही वास आला. ती बोलायला गेली आणि थांबली. कुठल्या तोंडाने बोलणार? तिच्याही पोटात तेच होतं. शरमेने तिची नजर खाली गेली, आणि मग त्या शरमेचाच तिला संताप आला असावा. ती पायरीवर चढली आणि तोंडावरचा रुमाल न काढता, बसलेल्या घशाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलली.

"मला ताप आहे. गोळी खाऊन आलेय, म्हणून कपाळ गार लागतंय. आता ज्याला आपलं पोर माझ्या हातात द्यायचंय त्याने पुढे यावं."

मला वाटलं, आता रांग पांगेल. कुणी जागचं हललं नाही. जो तो घड्याळाकडे बघत होता. मग एक बाई पुढे आली. त्या मुठीएवढ्या बाळाची आईच. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिने मावशीसमोर धरलं.

"गोळी घेतलीय ना? मग चालेल."

तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला, खरं सांगते. मावशीने दोन्ही हात पाठीमागे नेले. घरी ने त्याला, एवढंच म्हणाली आणि चालू लागली. मागे मालकीणबाईंचा तोंडाचा पट्टा सुरूच होता. मीही त्यांच्याकडे लक्ष न देता मावशीच्या मागे निघाले.

आमच्या पाठोपाठ ती आईही फाटकाबाहेर आली. बाळ खांद्यावर, फोन कानाला. ऑफिसातल्या साहेबांना हळू आवाजात सांगत होती की मला बरं नाही, ताप भरलाय, आज येत नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "हो सर, गोळी घेतलीय."