नाना आणि मशीन मॅडम

सकाळी कामावर आले की नाना आधी आमच्या स्विमिंग पूलमध्ये करंगळी बुडवत, ती जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. चहाचे कप हातात धरलेले पाहुणे थिजून बघत राहायचे. मग निकाल लागे, "आज बरं हाय," किंवा "आज अळणी." जणू पूल नव्हे, आमटीच चढवली होती! माझा जळफळाट व्हायचा. हातखंब्याजवळच्या आमच्या बागेत चार खोल्या बांधून मी पाहुण्यांची सोय सुरू केली होती, आणि त्या पाहुण्यांना पूलच्या पाण्याची चव कळावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

नाना लांज्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत एका क्लबच्या पूलमध्ये क्लोरीन ओतण्यात घालवली होती. डोळे कायम लाल, खोकला कायम सोबतीला. म्हणून मी हौसेने मिठावर चालणारं मशीन आणलं. पाण्यात मीठ विरघळवायचं, ते पाणी मशीनमधल्या पट्ट्यांवरून फिरलं की विजेच्या जोरावर मिठातूनच क्लोरीन तयार होतं. डबे उचलणं नाही, वास नाही. मला वाटलं, नाना आशीर्वाद देतील. त्यांनी मशीनला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. "मॅडम उठल्या काय?" "आज मॅडमचं काय म्हणणं?"

आणि कारण म्हणून कधी सांगायचे नाहीत. काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू या." काय बघू या, ते ब्रह्मदेवालाही सांगितलं नसतं.

गेल्या वर्षीचा मे महिना. विहीर तळाला गेलेली. रविवारी पुण्याचं एक मोठं कुटुंब चारही खोल्या घेऊन येणार होतं, तेही केवळ पूलसाठी. बुधवारी मशीनवर लाल दिवा लागला: मीठ कमी.

"नाना, मीठ ओता."

करंगळी, जीभ, डोळे बंद. "मीठ पुरे हाय."

"मग दिवा का लागलाय?"

"मॅडमना दिसत नाय."

"म्हणजे काय?"

"बघू या," म्हणाले, आणि पुतणीच्या लग्नाला दोन दिवस लांज्याला गेले!

मी दोन गोण्या ओतल्या. दिवा लाल. आणखी दोन ओतल्या. लाल. पाचवी गोणी मी मशीनला, नानांना आणि त्यांच्या पुतणीला शिव्या देत ओतली.

शुक्रवारी नाना परतले. पाणी चाखलं आणि बाजूला थुंकले. "भाऊ, लोणचं घालायचं होतं काय?" मग त्यांनी पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्यावर चुन्याचा पांढरा थर चढला होता आणि त्यामुळे मशीनला पाण्यातलं मीठ मोजताच येत नव्हतं. पट्ट्या धुऊन बसवल्या, मशीन सुरू केलं. पुन्हा लाल दिवा! मीठ जास्त, क्लोरीन बंद.

"हे आधी सांगायचं नाही?" मी किंचाळलो.

"सांगितलं ना. मॅडमना दिसत नाय."

"आता? उन्हाने उडेल ना?"

"पाणी उडतं, भाऊ. मीठ नाय उडत."

खारं पाणी काढून गोडं भरणं एवढाच उपाय होता. पण विहिरीत जेमतेम पाणी, आणि खारं ओतायचं कुठे? आंब्याच्या कलमांना घातलं तर कलमं जळायची. नानांनी पाईप उचलला आणि माडांकडे वळले. माडाच्या आळ्यात आपण मीठ घालतोच. शनिवारभर साठी उलटलेला तो माणूस खोकत खोकत माडामाडाला पाणी वाटत होता. "एकालाच नको. सगळ्यांना थोडं थोडं."

विहिरीत होतं तेवढं गोडं पाणी पूलमध्ये सोडलं, तेव्हा कुठे रविवारी दिवा हिरवा झाला. पाणी स्वच्छ, पण माझ्या कमरेपर्यंतच. कुटुंबप्रमुख काठावर उभे राहून कडाडले, "फोटोत तर काठोकाठ होतं!"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, मला अजून ठाऊक नाही. तेवढ्यात नाना पुढे आले. "माझ्या हातून झालं साहेब. मिठाचा अंदाज चुकला."

मी तोंड मिटलं.

त्या गृहस्थांनी नेटवर लिहिलं, 'पाणी कमी. नोकर निष्काळजी. मालक मात्र सज्जन.'

पावसाआधी नानांचा मुलगा त्यांना विरारला न्यायला आला. खोकला फार वाढला होता. नाक्यावर गाडीची वाट बघताना मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"बोलून पाणी वाढलं असतं काय?" त्यांनी पिशवी उचलली.

दिवाळीनंतर नाना गेल्याचा निरोप आला. त्याच दिवशी मी नेटवर त्या मजकुराखाली लिहिलं, 'पाचही गोण्या मी ओतल्या होत्या. नानांनी मला अडवलं होतं. चूक माझी.'

तासाभरात खाली उत्तर आलं, 'नोकराची चूक स्वतःवर घेणारे असे मालक आता कुठे राहिले!' त्याला बारा जणांनी अंगठे दिले आहेत. मी पुन्हा लिहिलं की नाही हो, खरंच मीच. अंगठे वाढतच चालले आहेत.