कपाळावरची धूळ

नांदेडला गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळण्याची सेवा आमच्या शेजारच्या सरदारजींच्या घराण्यात चार पिढ्या चालत आली आहे. जोडे देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा त्यांचा नेम. कोणाच्या रूपात गुरू येतील, सांगता येत नाही.

रविवारी माझ्यापुढच्या माणसाने जोडे दिले. टाचेवरचं ठिगळ मीही ओळखलं. सरदारजींनीच ते शिवलं होतं, मुलगा भांडून घर सोडून गेला त्याच्या आधी.

"पापाजी, वर तरी बघा."

सरदारजींनी जोड्यांची धूळ पुसली, नेहमीसारखी कपाळाला लावली आणि खाली मान घालूनच बिल्ला पुढे केला. "आधी मत्था टेकून ये."

नेम मोठा की बाप, मला अजून ठरवता येत नाही. मी परतलो तेव्हा बाकी सगळे जोडे फळीवर होते. ते दोन सरदारजींच्या मांडीवर होते.